कारणासह उत्तर : लोकायुक्त या संस्थेचे कार्य आणि इतिहास

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस उतरून उत्तनच्या दिशेने निघालेला मनुष्य शहराची गजबज मागे टाकून थोड्याच वेळात मुर्धे, राई आणि मोर्वे या एकमेकांना लागून असलेल्या गावांच्या शिवारात येतो. मिठागरे, खाजणे, भातशेतीचे उरलेसुरले तुकडे आणि जुन्या घरांना खेटून उभ्या राहिलेल्या नव्या इमारती असे या प्रदेशाचे आजचे रूप आहे. साष्टीच्या या टोकाने राज्यसत्तेची अनेक स्थित्यंतरे पाहिली. पोर्तुगीजांचा दीर्घ अंमल १७३७ ते १७३९ या काळातील मराठ्यांच्या मोहिमेने संपला; १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला पडताच साष्टी इंग्रजांच्या हाती गेली; स्वातंत्र्यानंतर ग्रामपंचायतीचा कारभार आला; १९८५ साली मिरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली व पुढे राईचाही समावेश तिच्या हद्दीत झाला; आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी त्या नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. सरकारे बदलली, दफ्तरांच्या भाषा बदलल्या, हुकुमांवरील शिक्के बदलले. परंतु सरकारी कामात आपल्यावर अन्याय झाला तर दाद कोणाकडे मागावी, हा रयतेचा प्रश्न प्रत्येक राजवटीत तसाच उभा राहिला.

ग्रामपंचायतीच्या काळी निर्णय घेणारा मनुष्य गावातच राहत असे, आणि त्याला चार लोकांदेखत विचारता येई. शहर वाढले तसा कारभारही वाढला, आणि ते अपरिहार्यच होते. पाणी, रस्ते, रुग्णालये व वाहतूक यांच्या योजना एका गावाच्या आवाक्यातील नव्हेत. परंतु या वाढीबरोबर नागरिक आणि निर्णय यांच्यामधील अंतरही वाढले. आज राईतील रहिवाशाचे एक काम महापालिकेच्या भाईंदरमधील मुख्यालयात, दुसरे महसूल कार्यालयात, तिसरे ठाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत आणि चौथे थेट मंत्रालयात असते, व या चारही ठिकाणी त्याला कोणीही नावाने ओळखत नाही.

या अंतराचा अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित परंतु कोणाही खातेदाराला परिचित वाटेल असे उदाहरण घेऊ. घरातील कर्ता पुरुष निवर्तला. त्याच्या नावे थोडी जमीन होती. वारसांनी मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज दिला. नियमाप्रमाणे वारसांची चौकशी होऊन गाव नमुना सहा-क मध्ये नोंद व्हावी, त्यावरून फेरफार धरला जावा, हितसंबंधितांना नोटिसा जाव्यात, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावा आणि मग सातबाऱ्यावर नावे चढावीत, असा हा क्रम आहे. हरकत कोणाचीच नाही, कागद पुरे आहेत, अर्जाची पोचही हातात आहे; तरीही महिन्यांमागून महिने जातात. विचारावयास गेले की ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘फाईल वर पाठवली आहे’, ‘पुढच्या सोमवारी या’ अशी उत्तरे मिळतात. येथे कोणी लाच मागितलेली नाही, कोणी कायदा मोडल्याचे ठळकपणे दाखवता येत नाही, आणि कागदोपत्री नकारही मिळालेला नाही. मिळालेले नाही ते केवळ उत्तर. न्यायालयात जावे तर खर्च नुकसानीपेक्षा अधिक होणार. लोकप्रतिनिधीकडे जावे तर आपल्या हक्काचे काम मेहेरबानी होऊन बसणार. वृत्तपत्राकडे जावे तर एवढ्या लहान गोष्टीला तेथे जागा कोण देणार? अशा अवस्थेतील मनुष्यासाठी आधुनिक राज्यव्यवस्थेने जी तजवीज केली, तिचे महाराष्ट्रातील नाव लोकायुक्त.

गाऱ्हाणे लेखी मांडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १८५२ साली नाना शंकरशेट यांच्या पुढाकाराने मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली आणि कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण होऊ घातले असता येथील कारभारातील उणिवा मांडणारा अर्ज तिने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे धाडला. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा जन्मास आली ती पर्वती संस्थानाच्या व्यवस्थेविषयी लोकांच्या मनात असलेल्या असंतोषातून. आणि गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, यांच्या त्या सभेने असा दंडक घातला की सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे. जो दुसऱ्यांच्या वतीने सरकारशी बोलणार त्याच्यापाशी त्या दुसऱ्यांची लेखी संमती असावी, हा विचार लोकशाही येथे येण्यापूर्वीच्या काळातील आहे आणि तो अभिमानाने स्मरणात ठेवण्याजोगा आहे. तथापि सभा कितीही विवेकी असली तरी ती सरकारच्या दाराबाहेर उभी होती. तिचा अर्ज वाचावा की बाजूस ठेवावा हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर होते. राज्यानेच आपल्या रचनेत एक स्वतंत्र अधिकारी नेमावा, त्याने राज्याच्याच नोकरांविरुद्धची गाऱ्हाणी ऐकावीत आणि दफ्तर मागवून घेण्याची सत्ता त्याला असावी, ही पुढील पायरी होती. ती प्रथम युरोपच्या उत्तरेस ओलांडली गेली.

रशियाशी झालेल्या युद्धात १७०९ साली पोल्टाव्हा येथे पराभूत होऊन स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स तुर्की सुलतानाच्या मुलुखात आश्रयास राहिला होता, आणि आपल्या अनुपस्थितीत देशातील अंमलदार कायद्याप्रमाणे वागतात की नाही हे पाहण्यासाठी त्याने १७१३ साली एक वरिष्ठ अधिकारी नेमला. हा अधिकारी राजाचा होता. १८०९ च्या स्वीडिश संविधानाने त्याच कल्पनेला वेगळे वळण दिले: कारभारावर देखरेख करणारा ऑम्बुड्समन यापुढे संसदेने नेमावा आणि त्याने संसदेला जबाब द्यावा. पुढे शतकभर ही संस्था स्वीडनपुरतीच राहिली. १९१९ च्या संविधानाने फिनलंडने ती स्वीकारली. १९५५ साली डेन्मार्कमध्ये तिचे काम सुरू झाले. १९६२ साली न्यूझीलंडने तसा कायदा केला. आणि १९६७ साली ब्रिटननेही पार्लमेंटरी कमिशनर नेमला, मात्र तेथे नागरिकाने आपली तक्रार पार्लमेंटच्या सदस्यामार्फतच पाठवावी अशी अट घातली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रसार इतका वेगाने व्हावा याचे कारण उघड आहे. निवृत्तिवेतन, शिधा, घरे, परवाने, शिक्षण, आरोग्य अशा अनंत व्यवहारांत राज्याचा प्रवेश झाला, आणि ज्या नागरिकाचा सरकारशी पूर्वी वर्षातून एकदा शेतसाऱ्यापुरता संबंध येई त्याचे अवघे जीवन सरकारी निर्णयांनी वेढले गेले.

भारतात या संस्थेची आवश्यकता संसदेत ठामपणे मांडणाऱ्यांत डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी अग्रणी होते. लोकपाल व लोकायुक्त ही नावे १९६३ साली त्यांनीच सुचविली. १९६६ च्या जानेवारीत मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखाली प्रशासकीय सुधारणा आयोग नेमण्यात आला. सनदी नोकर म्हणून कचेरीच्या आतून आणि पुढे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री म्हणून वरून, अशा दोन्ही बाजूंनी त्यांनी कारभार पाहिलेला होता. आयोगाने अन्य विषयांकडे वळण्यापूर्वी त्याच वर्षी ऑक्टोबरात आपला पहिला, अंतरिम अहवाल दिला, आणि त्याचा विषय नागरिकांच्या गाऱ्हाण्यांचे निवारण हा होता. मंत्री व सचिव यांच्याविरुद्धच्या तक्रारींसाठी लोकपाल आणि अन्य अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी लोकायुक्त, अशी त्याची शिफारस होती. केंद्राने १९६८ साली विधेयक मांडले, १९६९ साली लोकसभेने ते मंजूरही केले. परंतु लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले. त्यानंतर विधेयके पुनःपुन्हा आली आणि प्रत्येक वेळी कोणत्या ना कोणत्या कारणाने अडली.

केंद्र अडखळत असता महाराष्ट्राने मात्र वाट पाहिली नाही. ओडिशाने १९७० साली कायदा केला होता खरा, पण त्याचा अंमल बराच पुढे सुरू झाला. संस्था प्रत्यक्षात उभी करण्याचा पहिला मान महाराष्ट्राकडे जातो. वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात महाराष्ट्र लोकायुक्त व उपलोकायुक्त अधिनियम, १९७१ संमत झाला आणि २५ ऑक्टोबर १९७२ पासून या कार्यालयाचे काम सुरू झाले. मंत्रालयासमोरील नवीन प्रशासन भवनात हे कार्यालय आहे. मंत्रालयात खेटे घालणाऱ्या असंख्य लोकांना मात्र रस्त्यापलीकडील या दाराची वार्ताही नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

१९७१ च्या या अधिनियमाची रचना विचारपूर्वक केलेली आहे. लोकायुक्तांची नेमणूक राज्यपाल करतात, आणि नेमणुकीपूर्वी उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांशी व विधानसभेतील विरोधी पक्षनेत्याशी विचारविनिमय होतो. मुदत पाच वर्षांची, आणि पुनर्नियुक्ती नाही. म्हणजे पुढच्या नेमणुकीच्या आशेने कोणाची मर्जी सांभाळण्याचे कारण उरत नाही. तक्रारींचे दोन प्रकार कायद्याने वेगळे केले आहेत. एक गाऱ्हाणे, म्हणजे गैरकारभारामुळे आपल्यावर अन्याय झाला किंवा अवाजवी जाच झाला असे ज्याला वाटते त्याची तक्रार. ती कृती कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत करावयाची. दुसरे अभिकथन, म्हणजे लोकसेवकाने पदाचा दुरुपयोग केला, भ्रष्टाचार केला, असा आरोप. तो अन्याय झालेल्यानेच करावा असे नाही, आणि त्याला तीन वर्षांची मुदत आहे. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते, कारण दुसऱ्यावर आक्षेप घेणाऱ्याने आपल्या शब्दाची जबाबदारी घेणे न्यायाला धरून आहे.

पुढील कार्यपद्धतीत गाजावाजा नाही. तक्रारीची नक्कल संबंधित अधिकाऱ्याकडे व त्याच्या वरिष्ठाकडे जाते आणि त्यांना आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. साक्षीदारास बोलावणे, शपथेवर जबानी घेणे, कागदपत्रे हजर करविणे याबाबत दिवाणी न्यायालयाचे अधिकार लोकायुक्तांना आहेत. चौकशी सामान्यतः खाजगी रीतीने होते, जेणेकरून आरोप सिद्ध होण्यापूर्वी कोणाची अब्रू चव्हाट्यावर येऊ नये. या कायद्यातील एका कलमाकडे वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधावेसे वाटते: पोलिसांच्या ताब्यात, तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात असलेल्या मनुष्याने लोकायुक्तांना लिहिलेले पत्र तेथील अधिकाऱ्याने न उघडता, विलंब न लावता पुढे पाठविले पाहिजे. ज्याच्यावर सरकारचा सर्वाधिक ताबा आहे त्याच्याच शब्दाला सर्वाधिक संरक्षण देणारी ही तरतूद ज्यांनी घातली त्यांना या संस्थेचे मर्म पुरते उमगले होते.

लोकायुक्त मात्र हुकूम सोडत नाहीत. ते शिफारस करतात. गाऱ्हाणे खरे ठरले तर अमुक मुदतीत अमुक उपाय करावा असे ते लिहितात, आणि त्या मुदतीनंतर महिन्याच्या आत काय केले ते सक्षम प्राधिकाऱ्याने कळवावयाचे असते; अभिकथनाच्या बाबतीत कारवाई कळविण्यास तीन महिन्यांची मुदत असते. उत्तराने समाधान झाले नाही तर लोकायुक्त राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात, आणि तो शासनाच्या स्पष्टीकरणासह विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो. म्हणजे वारसनोंदीसारख्या लहान कामात झालेली टाळाटाळसुद्धा, प्रसंग आलाच तर, राज्याच्या सर्वोच्च सभागृहाच्या पटलापर्यंत पोहोचण्याची वाट कायद्याने खुली ठेवली आहे.

मर्यादाही समजून घ्याव्यात, म्हणजे निराशा टळेल. न्यायालयांचे कामकाज या संस्थेच्या कक्षेबाहेर आहे. ज्या बाबतीत न्यायालयात किंवा न्यायाधिकरणापुढे दाद मागण्याची सोय आहे तेथे ती साधारणतः हात घालीत नाही. सरकारी नोकरांच्या नेमणुका, पगार, शिस्तभंग हे विषय वगळलेले आहेत. मात्र निवृत्तिवेतन, उपदान व भविष्यनिर्वाहनिधी यांची गाऱ्हाणी ऐकली जातात, आणि आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या मनुष्याला किंवा त्याच्या विधवेला याचे मोल किती हे सांगावयास नको. शिवाय धोरणाचा प्रश्न निराळा आणि गैरकारभाराचा प्रश्न निराळा. मेट्रो मार्ग ९ ची कारशेड राई, मुर्धे व मोर्वे या गावांच्या जमिनीवर करण्याचा प्रस्ताव निघाला तेव्हा ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला आणि पुढे ती डोंगरीकडे नेण्याचे ठरले. कारशेड कोठे असावी हा धोरणाचा वाद. तो हरकती, सभा, लोकप्रतिनिधी व प्रसंगी न्यायालय यांच्या मार्गानेच सुटावयाचा. परंतु अशाच एखाद्या प्रकल्पात कोणा खातेदाराच्या लेखी हरकतीची दखलच घेतली गेली नाही, किंवा मंजूर झालेला मोबदला विनाकारण अडवून ठेवला गेला, तर तो निखळ गैरकारभार होय, आणि अशा गाऱ्हाण्यांसाठीच ही संस्था निर्माण झाली आहे.

शिफारशीपलीकडे सत्ता नाही, म्हणून ही संस्था निष्प्रभ आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. गोव्याचे लोकायुक्त न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा यांनी २०२० साली पदावरून निवृत्त होताना आपल्या अहवालांवर सरकारने कारवाई केली नाही याबद्दल उघड विषाद व्यक्त केला होता. उलट कर्नाटकात, जेथे लोकायुक्तांच्या हाताशी स्वतंत्र पोलीस यंत्रणा होती, न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या खाणविषयक अहवालानंतर २०११ साली मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी दिल्लीत उपोषणे केली, देश ढवळून निघाला, आणि अखेर लोकपाल व लोकायुक्त अधिनियम, २०१३ संमत होऊन १६ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. पहिले लोकपाल न्यायमूर्ती पिनाकीचंद्र घोष यांची नेमणूक होण्यास २०१९ चा मार्च उजाडला. २०२४ च्या मार्चपासून न्यायमूर्ती अजय माणिकराव खानविलकर त्या पदावर आले. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मुख्यमंत्री कक्षेबाहेर होते. त्यांनाही कक्षेत आणणारे नवे लोकायुक्त विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधानपरिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केले, मात्र मुख्यमंत्र्यांच्या चौकशीसाठी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची पूर्वसंमती आवश्यक ठेवली.

भ्रष्टाचाराविरुद्धचा हा लढा आवश्यक आहे, आणि त्यासाठी झटलेल्यांचे ऋण समाजावर आहे. तरीही या सर्व चर्चेत एक गोष्ट हळूहळू दृष्टिआड होत चालली आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. १९६६ च्या अहवालाचा विषय गाऱ्हाण्यांचे निवारण हा होता. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गाऱ्हाणे व अभिकथन या दोहोंना एकाच छत्राखाली स्थान दिले. केंद्राच्या २०१३ च्या कायद्यातील लोकपालाचे कार्यक्षेत्र मात्र भ्रष्टाचाराच्या आरोपांपुरते आहे. मोठ्या घोटाळ्याने वृत्तपत्रांचे रकाने भरतात आणि तसे व्हावे हेही योग्य. परंतु लाखो नागरिकांचे आयुष्य ज्याने झिजते तो जाच घोटाळ्याचा नसतो, तो मौनाचा असतो. अर्ज दिला, पोच मिळाली, आणि मग काहीच नाही. लाच घेणाऱ्याला पकडण्यासाठी पोलीस आहेत, प्रतिबंधक विभाग आहे, न्यायालये आहेत. गप्प बसणाऱ्याला बोलते करण्यासाठी जी मोजकी साधने नागरिकाच्या हाती आहेत त्यांत या संस्थेचे स्थान मोठे आहे. लोकशाही दिन, २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम, आपले सरकार हे संकेतस्थळ, माहितीचा अधिकार ही सारी त्याच दिशेची पाउले होत. परंतु ती बहुतांशी प्रशासनाच्याच हातून चालणारी साधने आहेत, आणि प्रशासनाबाहेरचा, न्यायबुद्धीने विचार करणारा तिऱ्हाईत त्यांच्या पाठीशी असावाच लागतो. म्हणून लोकायुक्तांच्या कायद्यात काहीही फेरबदल होवोत, सामान्य माणसाचे साधे गाऱ्हाणे ऐकण्याचे त्यांचे काम दुय्यम होता कामा नये, असा आग्रह आपण सर्वांनी धरला पाहिजे.

हा आग्रह सरकारविरोधी नाही. दहा जणांची एकाच कार्यालयाविषयी एकाच प्रकारची गाऱ्हाणी आली तर दोष एखाद्या कारकुनाचा नसून पद्धतीचा आहे हे वरिष्ठांना कळते, आणि दर वर्षीच्या अहवालात ते विधिमंडळापुढे येते. ज्या अहवालावर सभागृहात चर्चा होत नाही तो कपाटात पडून राहतो. म्हणून आमदारांनी त्याची मागणी करावी, वृत्तपत्रांनी तो छापून आल्यावर वाचावा, आणि शिफारस नाकारली गेली तर नाकारण्याचे कारण शासनाने लेखी द्यावे, एवढ्या तीन गोष्टी नेमाने घडल्या तरी शिफारशीला हुकुमाचे वजन येईल.

नागरिकाचेही एक कर्तव्य आहे. तोंडी विनवण्यांना दफ्तरात पुरावा नसतो; म्हणून अर्ज लेखी द्यावा, आवक क्रमांक व दिनांक असलेली पोच घ्यावी, प्रत्येक भेटीची तारीख टिपून ठेवावी, प्रथम त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे स्मरणपत्र पाठवावे, आणि तरीही मौन सुटले नाही तर बारा महिन्यांची मुदत टळण्यापूर्वी प्रतिज्ञापत्रासह लोकायुक्तांकडे जावे. भाषा संयत असावी, आरोप सिद्ध करता येईल तेवढाच करावा, आणि काय हवे आहे ते एका वाक्यात सांगावे. राईच्या खातेदाराला असो वा गडचिरोलीच्या निवृत्त शिक्षकाला, आपल्या अर्जावर कारणासह उत्तर मिळविण्याचा जो अधिकार आहे तो वापरल्यानेच बळकट होतो. आणि ज्या राज्याला आपल्या सर्वांत लहान नागरिकाला उत्तर देणे भाग पडते, त्या राज्याचे मोठे निर्णयही अधिक विचाराने घेतले जातात.